खापरांचा खच उचलल्यावर नोंदी जुळत नाहीत: चूक कोठे होते आणि ती कशी शोधावी

उत्खननाचा हंगाम संपत आला आणि पॉटरी यार्डातील, म्हणजे खापरे धुऊन, वाळवून वर्गवारी करण्याच्या अंगणातील, चौकटींमध्ये खापरे पसरून मोजणी सुरू झाली, की जवळजवळ दर वर्षी एकच अडचण समोर येते. चरात सापडलेल्या खापरांच्या एखाद्या मोठ्या खचाची नोंद वहीत असते, त्याची छायाचित्रे असतात, पिशव्यांवर क्रमांकही असतात, तरीही या तिन्हींचा मेळ बसत नाही. एकाच रांजणाचे तुकडे तीन वेगवेगळ्या लोकसच्या पिशव्यांतून निघतात. चराच्या वहीतली खापरांची संख्या आणि यार्डात मोजलेली संख्या यांत मोठा फरक पडतो. आराखड्यावर प्रत्येक खापर काळजीपूर्वक काढलेले असते, पण त्यांपैकी कोणते खापर कोणत्या पिशवीत गेले हे कोणालाच सांगता येत नाही, आणि वर्णनाच्या रकान्यात 'खापरांचा दाट थर' एवढेच शब्द असतात.

लोकस हा शब्द मी येथे एका कृतीतून किंवा एका नैसर्गिक क्रियेतून तयार झालेला आणि स्वतंत्र क्रमांक दिलेला घटक या अर्थाने वापरत आहे. मग तो मातीचा थर असो, खड्ड्यातला भराव असो, किंवा तो खड्डा खोदला गेल्याची कड असो. काही गट यालाच कॉन्टेक्स्ट म्हणतात. नाव कोणतेही वापरले तरी पुढील विवेचनात फरक पडत नाही.

गोंधळ यार्डात उघडकीस येतो, म्हणून दोष यार्डातील कामाला दिला जातो. खापरे धुताना पिशव्या मिसळल्या असतील, शाई पुसली गेली असेल, मोजणाऱ्याने हलगर्जी केली असेल, अशी कारणे पुढे येतात आणि ती काही वेळा खरीही असतात. परंतु आडातच नसेल तर पोहऱ्यात येणार कोठून, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक प्रकरणांत बिघाड एका ठरावीक वेळी झाला होता: खच पहिल्यांदा दिसल्यापासून पहिले खापर उचलले जाईपर्यंतच्या अर्ध्यापाऊण तासात. त्या वेळात खचाला कडा आहेत की नाहीत हे कोणी तपासले नव्हते. कडा ठरल्या नाहीत म्हणून लोकस ठरला नाही, लोकस ठरला नाही म्हणून पिशवीवर सभोवतालच्या मातीचाच क्रमांक पडला, आणि पुढची सारी मोजणी त्या एका क्रमांकाच्या आधारावर उभी राहिली. म्हणून या अडचणीचा माग काढताना यार्डापासून सुरुवात न करता चरातल्या त्या अर्ध्या तासापासून करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

खच म्हणजे थर नव्हे

खापरे दाट पडलेली दिसली की 'थर' हा शब्द सहज लिहिला जातो, आणि तो लिहिताच त्याच्यामागून काही गृहीतकेही नकळत येतात: हा साठा आडवा पसरलेला आहे, तो चरभर आहे, आणि त्याच्या वरचे सारे त्याच्यानंतरचे आहे. प्रत्यक्षात वरून अगदी सारखे दिसणारे खच फार वेगवेगळ्या घटनांतून तयार होतात. पडलेल्या छताखाली किंवा भिंतीखाली चिरडलेली, आपल्या जागीच असलेली भांडी हा एक प्रकार. निकामी झालेल्या खड्ड्यात टाकलेला कचरा हा दुसरा. जमीन घट्ट आणि कोरडी राहावी म्हणून मुद्दाम पसरलेली खापरे हा तिसरा, आणि त्यांत बहुधा तुकडे लहान, सपाट व वरच्या बाजूने झिजलेले असतात. भट्टीशेजारच्या खचात वाकडी झालेली, फुगलेली, एकमेकांना चिकटलेली, अति भाजलेली भांडी दिसतात. उतारावर पाण्याने वाहून आणलेल्या खचात तुकड्यांच्या कडा गोलावलेल्या असतात आणि त्यांचा आकार बराचसा एकसारखा झालेला असतो.

काही वेळा खच म्हणजे दफनही असते. इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीत लहान मुलांना घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन मातीच्या कुंभांत पुरल्याचे आढळले आहे. असे कुंभ वरच्या मातीच्या भाराने दबले की वरून पाहणाऱ्याला ती खापरांची एक लांबट रास वाटू शकते, आणि तिला 'थर' म्हणून खुरपी चालवली तर आतली नाजूक हाडे पहिल्याच तासात नष्ट होऊ शकतात. दुसऱ्या टोकाचे उदाहरण रोममधील मोंते तेस्ताच्चो या टेकडीचे आहे. सुमारे ३५ मीटर उंचीची ही टेकडी मुख्यतः तेल वाहून आणणाऱ्या अँफोरांच्या, म्हणजे दोन कानांच्या मोठ्या मातीच्या कुंभांच्या, खापरांची आहे, आणि ती वाटेल तशी फेकून नव्हे, तर पायऱ्यापायऱ्यांनी रचून, दुर्गंधी दबावी म्हणून वर चुना टाकून उभी केली गेली. केवळ खापरांचा ढीग म्हणून तिची नोंद केली असती, तर त्या रचनेमागची व्यवस्था कागदावर कधीच आली नसती.

पुरातत्त्वज्ञ मायकेल शिफर यांनी १९७२ मध्ये वापराच्या जागीच टाकलेला कचरा आणि दुसरीकडे नेऊन टाकलेला कचरा यांत जो फरक केला, तो खचाजवळ बसलेल्या माणसाला आजही उपयोगी पडतो. भांडे जेथे फुटले तेथेच त्याचे तुकडे आहेत, की फुटल्यावर ते कोणी उचलून येथे आणले, हा प्रश्न मनात ठेवून पाहिले तर कोणत्या गोष्टी नोंदवायच्या हे आपोआप सुचू लागते. तुकडे आडवे आहेत की उभे आणि तिरपे, त्यांची पोकळ बाजू वर आहे की खाली, त्यांच्यामधली माती सैल आहे की घट्ट, तिच्यात राख, कोळसा, हाडे आहेत का, आणि मोठे तुकडे तळाशी आहेत की सर्वत्र सारखे विखुरले आहेत, ही निरीक्षणे खापरे उचलल्यानंतर कोणत्याही साधनाने परत मिळत नाहीत. खापरांमधल्या मातीकडे तर फारच कमी लक्ष दिले जाते. सभोवतालच्या मातीपेक्षा ती वेगळी असेल, तर बहुधा तेथे एखादा खड्डा आहे आणि आपण त्याच्या भरावावर बसलो आहोत.

कडा शोधण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. खचाच्या चहूबाजूंनी निदान हातभर जागा खुरपीने सपाट व स्वच्छ खरवडावी, बारीक फवाऱ्याने हलके पाणी मारावे आणि माती वाळताना पाहत राहावे. भराव आणि मूळ माती यांत पाणी धरून ठेवण्याची क्षमता वेगळी असल्यामुळे दोन्ही एकाच वेगाने वाळत नाहीत, आणि काही मिनिटांसाठी कड स्पष्ट दिसते. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उजेडात हे काम अधिक चांगले होते. मातीचा रंग मुन्सेलच्या तक्त्यावरून, म्हणजे क्रमांक दिलेल्या रंगांच्या नमुन्यांशी ताडून, नोंदवताना माती ओली होती की कोरडी हेही लिहावे, कारण तीच माती ओली असताना गडद वाचली जाते आणि एवढ्यावरूनच एका लोकसचे दोन लोकस झालेले मी पाहिले आहेत.

कड दिसली तर तिला, म्हणजे खड्डा खोदण्याच्या त्या कृतीला, भरावापासून वेगळा क्रमांक द्यावा. पुरातत्त्वज्ञ एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये स्तरक्रम मांडण्यासाठी जी मॅट्रिक्स, म्हणजे कोणता लोकस कोणाच्या आधीचा हे दाखवणारी आकृती, तयार केली, तिचा मोठा लाभ हाच आहे की तिच्यात न दिसणारी, केवळ पृष्ठभाग म्हणून उरलेली कृतीसुद्धा आपली जागा मागते. खड्डा कधी खोदला आणि तो कधी भरला या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांच्यात बराच काळ गेलेला असू शकतो. कड दिसली नाही तर खच एकदम पूर्ण उचलू नये. त्याच्या मधून दोरी धरून अर्धा भाग आधी काढावा आणि उरलेल्या अर्ध्याचा उभा छेद स्वच्छ करून पाहावा. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या, जागा चौकोनी चरांत विभागून खणण्याच्या, चौकटींच्या पद्धतीत दोन चरांमध्ये न खणलेली भिंत राखली जाते ती याच हेतूने, पण ती भिंत खचापासून दोन मीटर दूर असेल तर तिच्यात आपला खड्डा दिसणारच नाही. म्हणून खचाचा स्वतःचा छेद हवा.

वेगवेगळ्या लोकसमधील तुकडे एकमेकांना जुळतात तेव्हा

या सगळ्या तक्रारींत ही सर्वांत त्रासदायक, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची. यार्डात काम करणाऱ्याला वरच्या थरातल्या पिशवीतील काठाचा तुकडा खालच्या थरातल्या तुकड्याला अचूक बसतो असे दिसले, की पहिली प्रतिक्रिया दोन्ही लोकस एकत्र करण्याची असते. ते करू नये. जुळलेला तुकडा पुरावा आहे, आणि तो कशाचा पुरावा आहे हे ठरेपर्यंत मूळ क्रमांकांना हात लावू नये.

सर्वप्रथम मोडीची धार पाहावी. जुन्या मोडीवर मातीचा, क्षारांचा किंवा डागांचा थर असतो आणि तिचा रंग पृष्ठभागाशी मिळताजुळता असतो. नवी मोड स्वच्छ आणि उजळ दिसते. जुळणाऱ्या दोन्ही कडा नव्या मोडीच्या असतील, तर ते खापर आपल्याच हातून खणताना, वाहून नेताना किंवा धुताना मोडले आहे आणि त्याचा एक तुकडा चुकीच्या पिशवीत गेला आहे. हा प्रश्न स्तरक्रमाचा नसून पिशव्यांचा आहे. अशा वेळी त्या दोन पिशव्या कोणत्या दिवशी, कोणत्या चरातून आणि कोणाच्या हातून आल्या हे तपासले की बहुधा उलगडा होतो.

मोड जुनी असेल तर दोन्ही तुकड्यांची जागा आराखड्यावर मांडावी. येथे नोंद चांगली असल्याचा पहिला खरा उपयोग कळतो. जुळणारी बहुतेक खापरे एकाच उभ्या पट्ट्यात येत असतील, तर त्या पट्ट्यात न ओळखलेला खड्डा, उंदीर-घुशींचे बीळ किंवा पायासाठी खोदलेला चर असण्याची शक्यता मोठी आहे. भेगाळणाऱ्या काळ्या चिकणमातीत आणखी एक कारण संभवते: उन्हाळ्यात पडणाऱ्या खोल भेगांतून लहान खापरे खाली जातात आणि पावसात भेगा मिटल्यावर ती जणू तेथलीच आहेत अशी दिसू लागतात. असे असेल तर खाली गेलेले तुकडे आकाराने लहान असतात, ते बहुधा उभे सापडतात, आणि मोठी खापरे मात्र आपल्या पातळीवरच राहिलेली दिसतात. याउलट जुळणारे तुकडे मोठे असतील, चरभर विखुरलेले असतील आणि वरच्या व खालच्या अशा दोन्ही लोकसमध्ये सारख्याच प्रमाणात येत असतील, तर आपण एकाच भरावाचे जाडीवरून दोन भाग केले आहेत का, हे तपासावे. दहा सेंटीमीटरच्या ठरावीक पातळ्यांनी खणताना असे वरचेवर होते. तेथे पातळी बदलली म्हणून क्रमांक बदलतो, माती मात्र बदललेली नसते.

मला एका हंगामात आलेला अनुभव येथे सांगणे उपयोगी होईल. एका चरात तीन पातळ्यांतून आलेली एका मोठ्या साठवणाच्या भांड्याची खापरे यार्डात एकमेकांना जुळू लागली. मी वहीत 'मिश्रण' असा शेरा मारून पुढे गेलो. काही दिवसांनी पावसाने चराची भिंत धुतली गेली आणि तिच्यात एका खड्ड्याची तिरपी कड स्पष्ट दिसली. जुळलेली सर्व खापरे त्या कडेच्या एकाच बाजूला होती. खापरांनी खड्डा दाखवून दिला होता; मी मात्र त्यांना दोष दिला होता. तेव्हापासून जुळणाऱ्या तुकड्यांची एक स्वतंत्र तालिका ठेवतो, तिच्यात दोन्ही लोकस, दोन्ही पातळ्या, मोडीची धार आणि तुकड्याचा आकार लिहितो, आणि ही तालिका हंगाम संपण्याची वाट न पाहता आठवड्यातून एकदा चरात नेऊन भिंतींशी ताडून पाहतो. चर उघडा असेपर्यंतच तिचा पुरता उपयोग होतो.

तुकडे जुळत नाहीत हीसुद्धा नोंद आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. खच मोठा आहे, खापरे मोठमोठी आहेत आणि तरी एकही भांडे अर्धेदेखील उभे राहत नाही, असे असेल तर भांडी दुसरीकडे फुटली आणि त्यांचे काही भागच येथे आले असा अर्थ निघू शकतो. एजियन समुद्रातील केरोस बेटावरील कावोस येथे संगमरवरी मूर्ती, संगमरवरी पात्रे आणि मृद्भांडी यांचे तुकडे मोठ्या संख्येने सापडले, पण एकमेकांना जुळणारे तुकडे फारच थोडे होते. त्यावरून या वस्तू अन्यत्र मुद्दाम फोडून त्यांचे निवडक भाग तेथे आणून पुरले असावेत, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. जुळणी शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न झाला नसता तर हा निष्कर्ष शक्य नव्हता. म्हणून खचाच्या नोंदीत 'जुळणी तपासली: किती तास, कोणत्या पिशव्यांमध्ये, किती जोड मिळाले' अशी ओळ असावी, कारण न तपासणे आणि तपासून न मिळणे यांत महत्त्वाचे अंतर आहे.

संख्या आणि वजन यांचा मेळ बसत नाही तेव्हा

चरात ३०० खापरे मोजली आणि यार्डात ३४० निघाली, ही तक्रार ऐकली की मी आधी विचारतो की मोजली केव्हा होती. खापर हाताळताना मोडते, म्हणून संख्या प्रत्येक टप्प्यावर वाढत जाते. कमी भाजलेली, भुसभुशीत भांडी धुताना आणखी मोडतात. यावर उपाय असा की मोजणीचा एकच अधिकृत टप्पा ठरवावा, तो धुऊन पूर्ण वाळल्यानंतरचा असावा, आणि नव्या मोडीने वेगळे झालेले तुकडे एक खापर म्हणून मोजावेत. चरातली संख्या केवळ अंदाज म्हणून वेगळ्या रकान्यात ठेवावी आणि त्या दोन आकड्यांची बेरीज-वजाबाकी करू नये.

वजन मोडतोडीने बदलत नाही, म्हणून ते अधिक विश्वासार्ह समजले जाते, आणि ते खरे आहे, परंतु वजनाचेही दोन शत्रू आहेत: ओलावा आणि चिकटलेली माती. कमी भाजलेले सच्छिद्र खापर आपल्या वजनाच्या दहा टक्के किंवा त्याहूनही अधिक पाणी शोषून ठेवू शकते. बाहेरून कोरडे दिसणारे खापर आतून ओले असते, आणि मोठ्या खचाच्या बाबतीत हा फरक काही किलोंवर जातो. धुतलेली खापरे सावलीत पसरून एक दिवसाच्या अंतराने दोनदा तोलावीत. दोन्ही वजने सारखी आली की तेच वजन लिहावे.

संख्या आणि वजन हे दोन्ही आकडे मिळूनही 'भांडी किती होती' या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, आणि अहवाल लिहिताना खरा वाद येथेच होतो. मोठ्या रांजणाची खापरे जड आणि पुष्कळ असतात, पातळ वाडग्याची हलकी आणि थोडी. म्हणून काठांचा आधार घेण्याची पद्धत रूढ झाली आहे. समकेंद्री वर्तुळांच्या तक्त्यावर काठाचा तुकडा ठेवून त्याचा व्यास आणि संपूर्ण वर्तुळाचा किती टक्के भाग तो व्यापतो हे वाचतात. समजा एकाच प्रकारच्या भांड्याचे काठाचे सात तुकडे १२, ८, १५, २०, ५, १० आणि ३० टक्के भरले. त्यांची बेरीज १०० टक्के, म्हणजे एका भांड्याइतका काठ येथे आहे. तो एकाच भांड्याचा आहे असे मात्र यातून सिद्ध होत नाही. सात भांड्यांचा एकेक तुकडासुद्धा एवढीच बेरीज देईल. व्यास, पोत, लेप आणि भाजणी पाहून निदान किती वेगळी भांडी मानावी लागतात तो आकडा शेजारी लिहावा. बेरीज एक आणि किमान भांडी पाच असतील, तर भांडी अपूर्ण स्थितीतच येथे आली, आणि बेरीज साडेचार व किमान भांडी पाच असतील, तर ती जवळजवळ पूर्ण येथे होती. खच कोणत्या घटनेचा आहे हे ठरवायला या दोन आकड्यांचे नाते फार मदत करते. या पद्धतीचा दुसरा गुण असा की काठाच्या टक्केवारीची बेरीज, तुकडे नोंदताना आणखी मोडले तरी, बदलत नाही.

फरकाचे आणखी एक कारण चाळणीत असते. एका अर्ध्या खचाची माती पाच मिलिमीटरच्या चाळणीतून काढली आणि दुसऱ्या अर्ध्यातली खापरे हाताने वेचली, तर दोन्ही अर्ध्यांची सरासरी वजने कधीच सारखी येणार नाहीत, आणि त्यावरून काढलेला प्रत्येक निष्कर्ष चाळणीविषयीचा असेल. म्हणून चाळणी वापरली का, तिची भोके केवढी होती, आणि खचातून एकूण किती माती निघाली हे लिहिलेच पाहिजे. मातीचे प्रमाण घमेल्यांत मोजले तरी चालते, फक्त एका घमेल्यात किती लिटर माती मावते ते एकदा मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

पिशव्या आणि चिठ्ठ्या यांविषयी थोडक्यात. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी आत आणि एक टॅग बाहेर असावा. आतली चिठ्ठी ओल धरणार नाही अशा कागदावर शिसपेन्सिलीने लिहावी, कारण शाई उडते. मोठ्या खचाच्या पिशव्यांवर '५ पैकी २' असा क्रम असावा. हे न लिहिल्यामुळे एक पिशवी दुसऱ्या खोक्यात राहून गेली आणि वर्षभराने सापडली, असे एकदा नव्हे, अनेकदा होते.

छायाचित्र आहे, पण खापर ओळखता येत नाही

आता बहुतेक ठिकाणी खचाची अनेक छायाचित्रे घेऊन संगणकावर त्रिमितीय प्रतिमा तयार करतात. ही पद्धत उत्तम आहे. लागोपाठच्या दोन छायाचित्रांत निदान साठ ते ऐंशी टक्के भाग समान असावा, चारही कोपऱ्यांवर मोजलेल्या खुणा असाव्यात, आणि वरून घेतलेल्या छायाचित्रांबरोबर चारी बाजूंनी तिरपी छायाचित्रेही असावीत. पण कॅमेरा फक्त वरची बाजू पाहतो. खापराच्या खाली दुसरे खापर होते की माती होती, ते घट्ट रुतलेले होते की सैल होते, याची नोंद माणसानेच करावी लागते.

म्हणून खच एका दमात न उचलता फेऱ्यांनी उचलावा: वरची उघडी खापरे एक फेरी, त्यांच्या खालची दुसरी. प्रत्येक फेरीआधी एक छायाचित्र छापून किंवा हाताने आराखडा काढून त्यावरच खापरांना क्रमांक द्यावेत, आणि तेच क्रमांक लहान पिशव्यांवर लिहावेत. शेकडो खापरे असतील तर प्रत्येकाला क्रमांक देणे शक्य नसते, आणि तसा हट्टही मी धरणार नाही. काठ, बूड, हात-मुठीसारखे जोड, रंगकाम असलेली खापरे आणि तळहाताहून मोठे तुकडे यांना स्वतंत्र क्रमांक द्यावेत. उरलेली खापरे पन्नास सेंटीमीटरच्या चौकोनानुसार आणि फेरीनुसार एकत्र उचलावीत. डेटमपासूनची, म्हणजे उंची मोजण्यासाठी ठरवलेल्या स्थिर बिंदूपासूनची, पातळी प्रत्येक फेरीच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावर घ्यावी. केवळ वरची पातळी घेतलेल्या खचाची जाडी नंतर कोणीही सांगू शकत नाही.

जागीच दबलेले भांडे

सगळी खापरे एकाच भांड्याची आहेत, त्यांची बाहेरची बाजू बाहेरच आहे आणि मधोमध मातीचा गोळा आहे, असे दिसले तर ती स्थिती वेगळ्या वागणुकीची आहे. आतली माती हा स्वतंत्र लोकस मानावा, कारण ती भांड्यात होती की भांडे फुटल्यानंतर आत शिरली हे तिच्या थरांवरून कळू शकते. वरचे तुकडे काढून आतली माती अर्ध्याअर्ध्याने काढावी, तिचा नमुना बियांसाठी व कोळशासाठी पाण्यात तरंगवून तपासण्यास ठेवावा, आणि तळाशी चिकटलेला काळा किंवा पांढरा लेप दिसला तर हात थांबवावा. त्या भांड्यात काय होते याचे रासायनिक विश्लेषण करायचे असेल तर असे तुकडे धुऊ नयेत, उघड्या हातांनी हाताळू नयेत, त्यांवर कोणतेही चिकटद्रव्य लावू नये आणि थेट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नयेत. ॲल्युमिनियमच्या पन्नीत गुंडाळून मग पिशवीत ठेवावेत. शेजारच्या मातीचा एक नमुना तुलनेसाठी सोबत हवा, नाहीतर सापडलेले स्निग्ध पदार्थ भांड्यातले की जमिनीतले हे ठरवता येत नाही. भांडे एकसंध उचलायचे असेल तर त्याला जाळीच्या पट्टीने चहूबाजूंनी बांधून, खालून मातीसकट फळी सरकवून उचलावे, आणि आतली माती प्रयोगशाळेत काढावी.

नोंद आधीच बिघडली असेल तर

खच उचलून झाला आहे, चर बुजवला आहे, आणि आता चूक लक्षात आली आहे, असे असेल तरी सारे हातचे गेलेले नसते. एक पथ्य मात्र कडकपणे पाळावे: मूळ वहीतील अक्षर खोडू नये. नवीन माहिती वेगळ्या रंगाने, तारखेसह आणि लिहिणाऱ्याच्या सहीने जोडावी. पुढे वाचणाऱ्याला चरात काय दिसले होते आणि नंतर काय ठरवले गेले हे वेगवेगळे कळले पाहिजे.

न धुतलेली खापरे शिल्लक असतील तर त्यांना चिकटलेली माती तपासावी. दोन लोकसच्या मातीचा रंग किंवा कण वेगळे असतील तर मिसळलेल्या पिशवीतली खापरे निदान अंशतः वेगळी करता येतात. क्षारांचे पुट, मुळांचे ठसे, राखेचे डाग हेही उपयोगी पडतात. जुनी छायाचित्रे मोठी करून पाहिली तर रंगकामाची किंवा विशिष्ट आकाराची खापरे त्यांत ओळखता येतात, आणि अशी पाच-सहा खापरे निश्चित झाली तरी खचाचा विस्तार आणि पातळी परत मांडता येते. यातून जे लोकस एकाच घटनेचे असावेत असे वाटेल, त्यांचे क्रमांक तसेच ठेवून त्यांना एक वेगळा गट-क्रमांक द्यावा आणि त्या जोडणीचा आधार लिहावा. गट मोडता येतो. एकत्र केलेले क्रमांक पुन्हा वेगळे करता येत नाहीत.

ज्या पिशव्यांचे मूळ ठरतच नाही, त्या 'अनिश्चित' म्हणून ठेवाव्यात आणि कालनिर्णयासाठी वापरू नयेत. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १८९९ मध्ये इजिप्तमधील दफनभूमींच्या मृद्भांड्यांवरून क्रमाने कालमांडणी करण्याची जी पद्धत मांडली, तिला यश आले त्यामागे एक कारण असे होते की प्रत्येक थडगे हा बाहेरून काही न मिसळलेला, बंद संच होता. संच बंद असल्याची खात्री नसेल तर त्यातील भांड्यांच्या सहवासावरून काळ ठरवणे योग्य नाही. अशा पिशव्यांतील खापरे पोत, तंत्र किंवा आकार यांच्या अभ्यासासाठी मात्र निःशंकपणे वापरता येतात, आणि तसे वापरल्याचा उल्लेख अहवालात असावा.

चर अजून उघडा असेल तर शेवटचे खापर उचलल्यावर लगेच लोकसचा तक्ता, म्हणजे त्या लोकसच्या नोंदीचा कागद, बंद करून पुढची पातळी सुरू करू नये. रिकाम्या झालेल्या जागेचा तळ मऊ ब्रशाने स्वच्छ करावा आणि तिरप्या उजेडात पाहावा. तळाच्या मातीत खापरांचे ठसे उमटलेले असतात. ते खोल आणि स्पष्ट असतील तर खापरे मऊ किंवा ओल्या मातीवर पडली, किंवा वरच्या भाराने रुतली. ठसे मुळीच नसतील तर ती कठीण पृष्ठभागावर आली. ठशांचे छायाचित्र घ्यावे, तळाची पातळी निदान पाच ठिकाणी घ्यावी, तळ सपाट आहे की वाटीसारखा हे एका ओळीत लिहावे, आणि त्यानंतरच तक्त्यावर सही करावी.